ओसरीवर तापणारा ओव्हन

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. दूध संस्थेतून निवृत्त झालो, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या नोकरीची सुरुवात कशी झाली ते सांगायला मी उभा राहिलो आणि सरळ दुसऱ्या वर्षापासून बोलायला लागलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. नातीला शाळेत आजोबांवर काहीतरी लिहायचं होतं, तेव्हाही तिला टँकरच्या आणि चारा छावणीच्या गोष्टी सांगून वाटेला लावलं. खोटं असं मी त्यानंतर कधी बोललो नाही. नेमका तेवढा भाग गाळत आलो, आणि गाळण्याची सवय इतकी झाली की मधली काही वर्षं मला स्वतःलाच ते आठवत नसे. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात जास्त वाचू नका. लिहू नका असं काही ते म्हणाले नाहीत.

आमचं गाव मुरुमपासून दोन कोसांवर. बहात्तरचा दुष्काळ ओसरून बरीच वर्षं झाली होती, पण पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती आणि विहिरींचे तळ दिसायला लागले होते. सकाळी पहिला आवाज यायचा तो टँकरच्या हॉर्नचा, मग घागरींचा, आणि दिवसभर गावावर एक घरघर असायची ती दूध शीतकरण केंद्रातल्या कॉम्प्रेसरची. ती घरघर थांबली की माणसं हातातलं काम सोडून केंद्राकडं बघायची. शेतं कोरडी पडल्यावर गावात पैसा म्हणून जो येत होता तो म्हशींच्या आचळातूनच, आणि दूध थंड झालं नाही तर तेही नासणार. आमच्या घरी दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. भाजी आठवड्याच्या बाजारादिवशी. आई माडगं ढवळताना म्हणायची, "हुलगा हाय तंवर मरत न्हाय माणूस. नुसतं चिडकं हुतंय."

अण्णा, म्हणजे माझे वडील, दूध संस्थेचे चेअरमन होते. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि सभेत एक ठरलेलं वाक्य: "संस्थेच्या कॅनमध्ये सगळ्यांचं दूध एक होतं. तिथं कुणी जात इचारत न्हाय." हे खरं होतं. मराठ्यांचं, लिंगायतांचं, धनगरांचं, बौद्धवाड्यातलं, सगळं दूध एकाच कॅनमध्ये ओतलं जायचं. त्या दुधाच्या सायीचं तूप संस्था काढायची, ते तूप आमच्या घरी यायचं आणि त्यातलंच चमचाभर आमच्या देवापुढच्या निरांजनात जळायचं. अण्णांना यात काही वावगं दिसत नव्हतं. मलाही दिसत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

ओव्हन वहिनीचा. माझा मोठा भाऊ सोलापूरला नोकरीला होता आणि शनिवारी यायचा; तिथं खोली मिळेपर्यंत वहिनी आमच्याकडं राहत होती. ती सोलापूरची, मॅट्रिक झालेली. तिच्या माहेराहून आलेला तो ओव्हन गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला होता. तळाशी चिनी मातीच्या खाचांत बसवलेली कॉईल. प्लग लावला की कॉईल लाल व्हायची आणि वरच्या खणात ठेवलेलं भाजून निघायचं. वहिनी त्यात नानकटाई करायची. पहिल्यांदा केली त्या दिवशी तुपाचा आणि वेलदोड्याचा वास घरभर पसरला आणि अण्णा, जे कधी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबत नसत, ते थांबले. एक खाल्ली, दुसरी घेतली आणि म्हणाले, "ही तर इकण्यासारखी हाय."

तिथून त्यांनी डोक्यात घेतलं. संस्थेचं तूप, गावातल्या बायका, मुरुमच्या बाजारात नानकटाई. जिल्ह्याहून दुग्ध खात्याचे साहेब केंद्र बघायला येणार होते. त्यांना जेवण आमच्याकडं, आणि जेवणानंतर सुनेच्या हातची, संस्थेच्या तुपातली गरम नानकटाई द्यायची, मग हळूच विषय काढायचा. अण्णांनी हे अर्ध्या गावाला सांगून ठेवलं.

स्वयंपाकघरात ओव्हनसाठी जो प्लग होता तो मी बसवला होता. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा, आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून आलेला. घरातली जुनी वायर ॲल्युमिनियमची होती आणि माझ्याकडं तांब्याचा तुकडा उरलेला होता. दोन्ही टोकं सोलून एकमेकांना पीळ दिला, वर टेप गुंडाळली, बोर्ड स्क्रूनं बंद केला. असा जोड करायचा नसतो हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. दोन धातूंचा नुसता पीळ हळूहळू काळा पडतो, सैल होतो आणि वीज अडवायला लागतो. पण अण्णा मागं उभे होते, आई कौतुकानं बघत होती आणि मला बटण दाबून दाखवायची घाई होती. अण्णा आल्यागेल्याला म्हणायचे, "आमच्या सुधानं केलंय. भाईरचा माणूस बलवायची गरज न्हाय."

साहेब यायच्या चार दिवस आधी ओव्हन तापेनासा झाला. प्लग लावून अर्धा तास झाला तरी हात ठेवला तर कोमट. मी कॉर्ड बदलली, प्लगच्या पिना घासल्या, काही फरक नाही. आईचं मत वेगळं होतं. "सोलापुरात त्याच्यात अंडी भाजली असतील. सैपाकघरात देव हाईत, तिथं कसं चालंल ते?"

"आई, मी अंडं कधी घातलेलंच नाही," वहिनी म्हणाली.

"तू न्हाय घातलंस. तुझ्या भावजयीनं घातलं असंल."

अण्णा वैतागून म्हणाले, "मिलिंदाला बलवा."

मिलिंद माझ्याबरोबर आयटीआयला होता. बौद्धवाड्यातला. वर्गात पहिला. आम्ही एका सायकलवर जात-येत होतो, चढ आला की तो उतरून ढकलायचा आणि म्हणायचा, "सुध्या, तू बसून राहा, पेशव्यावानी." गेले आठ-नऊ महिने तो केंद्रात रोजंदारीवर काम करत होता. कॉम्प्रेसरचा नुसता आवाज ऐकून कुठं काय बिघडलंय ते सांगायचा. व्होल्टेज पडून दिवे पिवळे झाले की म्हणायचा, "लाईनीलाबी दुष्काळ पडलाय रं. तारा चघळत बसलीय." केंद्रात वायरमनची एक कायम जागा भरायची होती. अर्ज दोनच होते, त्याचा आणि माझा. जागा त्याची आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं, अण्णांनाही. माझा अर्ज, घरात शिकलेला मुलगा आहे तर असू द्यावा, म्हणून केलेला. निदान मी तसं म्हणत होतो.

मिलिंद आला आणि ओसरीवर थांबला. पुढं येणं नव्हतंच. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आमचा देव्हारा होता. आई त्याला चहा द्यायची, घरची माणसं कशी आहेत विचारायची, मुरुमहून आणलेली जिलेबीही एकदा कागदात बांधून दिली होती तिनं त्याच्या आईसाठी. पण मधला उंबरा त्याच्यासाठी नव्हता. मी ओव्हन उचलून ओसरीवर आणला. तिथं इस्त्रीचा प्लग होता. त्यानं त्यात लावला. मिनिटभरात कॉईल लालभडक झाली.

"ह्याला काय धाड भरलीय?" मिलिंद म्हणाला. "चांगला तर हाय."

ओव्हन आत नेला. थंड. बाहेर आणला. लाल. असं तीनदा झालं. वहिनी हसायला लागली. आई हात जोडून देव्हाऱ्यापुढं उभी राहिली. मिलिंद मात्र दुसऱ्यांदाच आतल्या दाराकडं बघायला लागला होता. म्हणाला, "ओव्हनला कायबी झालेलं न्हाय. आतला पॉइंट बघाया पायजे."

मी आत गेलो, टेस्ट लॅम्पची दोन टोकं प्लगात घातली. बल्ब लख्ख लागला. "पॉइंट चांगला आहे," मी ओरडून सांगितलं.

"बल्ब लागला म्हणून पॉइंट चांगला व्हत न्हाय, सुध्या. बल्बाला लागतंय किती? चिमणीनं पाणी प्यावं तेवढं. ओव्हन म्हंजे म्हस हाय. आत कुठं तरी जोड ढिल्ला हाय, थेंब थेंब येतंय. म्हस कशी भागंल?" मग अण्णांकडं वळून म्हणाला, "अण्णा, धा मिनिटं आत येऊ द्या. बोर्ड खोलून बघतो."

अण्णांनी आईकडं पाहिलं. आई बोलली. "आत कशाला बाबा? देव हाईत आत. सुधा हाय की."

वहिनी म्हणाली, मग मी ओसरीवरच भाजते. त्यावर अण्णांचा आवाज चढला. पाहुण्यांच्या देखत सून ओसरीवर बसणार? मिलिंदनं तोडगा काढला, इथून लांब वायर ओढून आत देतो. "साहेबाच्या पायात वायरी गुंतवायच्या व्हय?" अण्णा म्हणाले. "नीट हुत असंल तर नीट कर." माणसाला आत येऊ देत नव्हते, वायर आत येऊ देत नव्हते, आणि नीट कर म्हणत होते. आज लिहिताना हे वेडेपणाचं वाटतं. त्या ओसरीवर आम्ही पाच माणसं होतो आणि त्यातल्या चौघांना ते अगदी रीतसर वाटत होतं.

शेवटी मिलिंदच म्हणाला, "तूच खोल सुध्या. म्या हितनं सांगतो." तो मधल्या उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसला. तिथून त्याला माझी पाठ दिसत होती, बोर्ड दिसत नव्हता. मी स्क्रू काढले, बोर्ड भिंतीपासून पुढं ओढला. माझा जोड समोर होता. टेप वितळून तिचा डिंक झाला होता, आतलं ॲल्युमिनियम पांढरट पूड होऊन झडत होतं, तांब्याचं टोक काळं ठिक्कर. बोट लावलं तर हललं. अण्णा माझ्या मागं चार हातांवर उभे होते. एवढंच म्हणायचं होतं, की हा जोड जळालाय. अण्णा विचारणार, जोड कुणी केला. आणि वायरमनच्या जागेसाठी ज्याचा अर्ज आलाय तो मुलगा स्वतःच्या घरातला एक प्लग धड बसवू शकत नाही, हे त्याच माणसासमोर सिद्ध होणार, ज्याच्याशी त्याची बरोबरी चालली होती.

"काय दिसतंय?" मिलिंदनं विचारलं.

"काही नाही. सगळं टाइट आहे."

"जोड बग. काळा पडलाय का?"

"नाही."

त्यानं मान पुढं करून वास घेतला. मग म्हणाला, "जळल्याचा वास यायलाय."

"स्टोव्हचा आहे," मी म्हणालो आणि बोर्ड बंद केला.

तो गेला तेव्हा मी त्याला वेशीपर्यंत सोडायला गेलो. का गेलो कोण जाणे. टँकरपाशी बायकांची भांडणं चालली होती. मिलिंद सायकल हातात धरून चालत होता. "जोड तुझा व्हता न्हवं?" तो म्हणाला. मी टँकरकडं बघत चालत राहिलो. "म्या सांगितलं तर चहाडी वाटंल. आन् म्या न बघता कसं सांगू? तू सांग. अण्णा चार शिव्या देतील, आन् इसरतील. बापच हाय तुझा." मग थोडं हसून म्हणाला, "माझा न्हाय."

मी म्हणालो, सांगतो. उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. गुपचूप जोड दुरुस्त करावा असंही मनात आलं. पण स्वयंपाकघर रिकामं सापडेना, आणि खरं म्हणजे मला धीरच नव्हता. थोडं हलवून ठीक झालं असेल, चालेल, असं स्वतःला समजावत दोन दिवस काढले. त्या वयात माणूस देवावर कमी आणि योगायोगावर जास्त विसंबतो. माझं तर ते वय पुढं बरीच वर्षं टिकलं.

साहेबांच्या दिवशी वहिनीनं पहाटेच तूप फेसून पीठ मळलं होतं. जिल्ह्याची जीप आली, केंद्र बघून झालं, जेवणं झाली. मी बोर्ड खोलून बघितलाय, आता तापेल, या आशेवर नानकटाई ओव्हनमध्ये घातली होती. अर्ध्या तासानं झाकण उघडलं तर तूप विरघळून बाहेर आलेलं आणि गोळे त्यात कच्चेच पसरलेले. वहिनी ते ताट हातात धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडली नाही. साहेबांना बाजारातून आणलेली बिस्किटं दिली. ते भले गृहस्थ होते, बिस्किटाचंही कौतुक करून गेले. विषय निघाला नाही तो नाहीच.

जीप गेल्यावर अण्णा अंगणात आले. साहेबांच्या भाषणासाठी माईक लावायला मिलिंद सकाळपासून तिथंच होता. संस्थेचे चारदोन डायरेक्टर चपला घालत होते. अण्णा म्हणाले, "मिलिंदा, चार दिस झालं. घरातलं एक ओव्हन नीट हुईना तुला, आन् केंद्र संबाळणार तू?"

"अण्णा, ओव्हन चांगला हाय. आतल्या पॉइंटात…"

"पॉइंट सुधानं खोलून बघितला. तुझ्या म्होरंच बघितला."

मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रस्ता ओलांडणाऱ्याकडं पाहतात तसं, येतोस ना, असं. आणि मी, जो त्या क्षणापर्यंत नुसतं लपवत होतो, तो आणखी पुढं गेलो. म्हणालो, "कॉईल बिघडवली असेल यानं. ओसरीवर चारदा लावलं-काढलं."

"म्या कॉईलला हातबी लावला न्हाय," मिलिंद म्हणाला. आवाज मोठा केला नाही. "सुधाकरला म्हाईत हाय." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं. एक डायरेक्टर हसून म्हणाला, "अरं, दोष कामात हाय का हातात?" बाकीचेही हसले. त्या हसण्यात काय होतं ते अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. मिलिंदनं माईकची वायर नीट गुंडाळली, खुंटीला अडकवली, अण्णांना नमस्कार केला आणि गेला.

पुढच्या बैठकीत जागा मला मिळाली. अण्णांनी ठरावावर बोलायचं टाळलं, म्हणाले, मुलाचा विषय आहे, तुम्ही ठरवा. याचीही नंतर तारीफ झाली. त्याच आठवड्यात एका दुपारी आई शेजारी गेलेली असताना मी बोर्ड खोलला. जळकी टोकं कापली, घासली, कनेक्टरमध्ये घट्ट आवळली. ओव्हन लावला. लाल झाला. मागं वळलो तर वहिनी दारात उभी होती.

"भाऊजी, हे तर पाच मिनिटांचं काम होतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, "कॉईल बदलली." माझ्या हातात काळी पडलेली वायर होती, कॉईल नव्हती. वहिनीनं ती पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि पाण्याची घागर उचलून आत गेली. मला नोकरी लागल्याची खुशी म्हणून आईनं तिला नानकटाई करायला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, माझं मन नाही. महिनाभरात सोलापूरला खोली मिळाली आणि ओव्हन घेऊन ती गेली. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नाही. तिच्या सांगण्याची मी पुढची कितीतरी वर्षं भीती बाळगली, आणि ती वारली तेव्हा सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

मिलिंद गाव सोडून गेला. केंद्राच्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून मला कधीच काही समजलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात दोनदा दूध नासलं, त्यात त्याच्या घरचंही होतं. त्याची आई दूध घालायला यायची. माझ्याशी बोलायची, नेहमीसारखीच. "पोरगं सोलापुरात हाय. जळक्या मोटारींत नवी तार भरतंय," म्हणायची. तिला त्यानं काय सांगितलं होतं मला माहीत नाही. काहीच सांगितलं नसावं. ते जास्त वाईट.

बऱ्याच वर्षांनी केंद्राची मोटर जळाली आणि ती घेऊन मी सोलापूरला गेलो. रिवाइंडिंगच्या चार दुकानांत विचारून मुद्दामच त्याच्या दुकानात गेलो. बसमध्ये सगळा वेळ मी वाक्य जुळवत होतो. तो पाठीत थोडा वाकला होता, चष्मा आला होता. उठून उभा राहिला. "या सुधाकरराव, बसा. कधी आलात?" म्हणाला. ज्यानं मला सुध्याशिवाय हाक मारली नव्हती, तो तुम्ही म्हणत होता आणि त्यात टोमणा नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलतात तसं बोलत होता. चहा आला. त्यानं मोटर खोलली, वास घेतला, म्हणाला, "दोन दिवस लागतील. नीट करून देतो." मी म्हणालो, तब्येत कशी आहे? तो म्हणाला, बरी आहे. मी म्हणालो, यंदा पाऊस नाही. तो म्हणाला, आमच्याकडंही नाही. चहा संपला. मी मोटर न्यायलाही दुसऱ्या माणसाला पाठवलं.

निवृत्तीनंतर परत गेलो. या वेळी फक्त त्यासाठीच. दुकानात त्याचा मुलगा बसला होता आणि भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली मिलिंदचा फोटो होता, हार घातलेला. सात महिने झाले होते. गावाकडं कुणी राहिलं नव्हतं, म्हणून आम्हाला कळलं नाही. मुलगा म्हणाला, "तुम्ही गावाकडचे का? बाबांबरोबर आयटीआयला होता ते तुम्हीच ना? बाबा सांगायचे, एका सायकलवर जायचो म्हणून. मित्र होता माझा, म्हणायचे."

मी हो म्हणालो. त्यानं चहा मागवला, मी तो प्यालो. मुलाला सांगता आलं असतं, त्याचा तो हक्कच होता. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी त्या गिऱ्हाइकाचा आधार घेऊन उठलो. तेव्हापासून ते वाक्य माझ्यापाशीच पडून आहे. बसमध्ये जुळवलं तेव्हा त्यात दुष्काळ होता, अण्णांचा धाक होता, माझं वय होतं, देव्हारा होता. एकेक काढत गेलो. आता एवढंच उरलंय: मिलिंद, जोड माझा होता, जळालेला मला दिसला होता, आणि तू विचारल्यावर मी नाही म्हणालो. मला माफ कर.